वरचा स्वल्पविराम

पाचपावलीच्या मनपा शाळेत, संध्याकाळी साडेसातला,
चौथीच्या बाकांवर माझा वर्ग बसतो.
गुडघे बाकाखाली मावत नाहीत,
म्हणून पाय बाहेर, रांगेच्या मधोमध,
आणि मी फळ्यापर्यंत पोचते ती चपला ओलांडत.
फळ्यावर सकाळच्या कुणाचा तरी भागाकार.
बाकी तीन.
तेवढा कोपरा मी पुसत नाही.

टेकचंद बिसेन विमानतळावर टॅक्सी लावतो.
"मॅडम, मी खाली उभा आहो, एवढं सांगता आलं तरी पुरे."
चालू वर्तमानकाळ काढला. पुस्तक पुण्याचं:
मी वाट पाहत आहे, तो जात आहे.
सगळे माझ्याकडे नुसते पाहत.
मग मागून नजमुन्निसा म्हणाली,
"मतलब, वाट पाहून राहिलो, असंच ना?"
असंच, बाई, अगदी असंच.
जाऊन राहिलो, करून राहिलो, उकडून राहिलं;
ज्या 'राहिलो'वर बाहेरचे लोक हसतात
तो इंग्रजीनं क्रियापदाच्या शेपटीला बांधून ठेवलाय.
त्या संध्याकाळी कुणीच चुकलं नाही.

'द' मात्र कुणालाच कळला नाही.
जगात एकच आहे, त्याला 'द', मी म्हटलं,
सूर्य एकच, म्हणून द सन.
"मे महिन्यात दोन असतात," घाम पुसत कुणीतरी.
आणि बापूराव पौनीकर, चाळीस वर्षं माग चालवलेले,
बोटं अजून धागा धरल्यासारखी,
म्हणाले, "माय बी एकच असते. तिले काऊन नाही?"
मी खडू बदलला.
पंख्याकडे पाहिलं.
पुढच्या तासाला सांगते म्हटलं, अजून सांगितलेलं नाही.

घरचा अभ्यास: माझं घर, पाच वाक्यं.
कौतिका गजभियेनं ती मेडिकलच्या रात्रपाळीत लिहिली,
एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटावर,
एकाही खुणेशिवाय, एका दमात.
पहिलंच वाक्य: धिस इज माय मदर्स हाउस.
लाल पेन माझ्या हातात होतंच.
एस-च्या आधी, वरच्या अंगाला,
एक उलटा लटकलेला स्वल्पविराम दिला.
"षष्ठी," मी म्हटलं. "चा, ची, चे. मालकीची खूण."

ती बराच वेळ पाहत राहिली.
"हे टिकली इथं लावली तर माया किती होतात?"
एक.
"मंग चुकलं, मॅडम."

चुकलं?

"आमच्या दोघी होत्या. बाबाच्या दोघी बायका.
बाबा गेल्यावर दोघींनी विटा वाह्यल्या,
टेका नाक्याले, दिवसा दुसऱ्याच्या, रात्री आपल्या.
भिंत एकीनं धरली तं दुसरीनं लिंपली.
पट्टा आला तवा सायेब म्हणे, एकच नाव सांगा,
कागदावर रकाना एकच हाये.
लहानीनं मोठीचं सांगितलं.
थे मरेपर्यंत म्हणे, मी तुमच्या घरी राहतो."

वर्गात पंखा तेवढा बोलत होता.

मी माझी खूण खोडली.
एस-च्या पलीकडे दुसरी दिली.
"आता?"
आता दोघी. आता दोघींचं.
तिनं वाक्य मोठ्यानं वाचलं.
मग खोडलेल्या जागेवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.
"आयकू तं सारखंच येते."
हो. कानाला काही फरक नाही.
फक्त कागदावर.
"कागदावरच पाहिजे होतं," ती म्हणाली,
आणि पाकीट घडी न घालता पिशवीत सरकवलं,
नऊची बस होती तिची.

पाकीट तिच्याबरोबर गेल्यावर आठवलं,
वाक्याच्या शेवटी काही द्यायचं राहिलंच.
पुढच्या मंगळवारी फुलस्टॉप.
टेकचंद चपला शोधत म्हणतो,
"गाडी थांबवाची खूण ना ते?
ते मले येते."